तणनाशक सोसणारं सोयाबीन बियाणं घ्यावं का? आणि जीएम (जनुकीय बदल केलेल्या) पिकांबद्दल आपण नेमकी काय बाजू घ्यायची?

पंचगंगाकाठ (प्रश्न)

हातकणंगले-शिरोळ पट्ट्यात येत्या खरिपासाठी एका सोयाबीन बियाण्याचा व्हिडिओ फोनवर फिरतोय. पंपाने फवारा मारतात, आठ दिवसांनी तण जळून खाक आणि सोयाबीन हिरवंगार. पिशवीवर टॅग नाही, पावती मिळणार नाही, पैसे आधी आणि रोख. भाव दुकानातल्या बियाण्याच्या दुप्पट. "परदेशातलं जीएम आहे, भांगलण विसरा" असं सांगतात.

रान काळं आहे. निम्म्यात निखळ सोयाबीन, निम्म्यात आडसाली उसात आंतरपीक. वाण फुले संगम, बियाणं घरचंच.

हे खरंच जीएम आहे का, ते कसं ओळखायचं? पेरलं तर काय होऊ शकतं? भांगलणीचा (खुरपणीचा) खर्च वाचेल का? आणि एकूणच या जीएमच्या वादात शेतकऱ्याने कुठल्या बाजूला उभं राहायचं? एक म्हणतो विष आहे, दुसरा म्हणतो याशिवाय शेतीला भवितव्य नाही. आरडाओरडा नको, कारणं आणि आकडे सांगा.

बीजपरीक्षक

आधी व्हिडिओचं बघू. फवारलेल्या औषधाचं नाव त्यात सांगितलंय का? नसेल तर जीएमपर्यंत जायची गरजच नाही. इमॅझेथापायर १० टक्के एसएल हे दुकानात मिळणारं, सोयाबीनवर शिफारस असलेलं तणनाशक आहे. ते साध्या सोयाबीनवर मारलं तरी पीक जगतं आणि कोवळं तण मरतं. चार-पाच दिवस पानं जरा पिवळट दिसतात, मग सावरतात. म्हणजे फुले संगमवर इमॅझेथापायर मारून "बघा, आमचं बियाणं तणनाशक सोसतं" असा व्हिडिओ कुणीही काढू शकतो. तो खोटाही नसतो, फक्त त्याचं बियाण्याशी काही देणंघेणं नसतं.

खरं तणनाशक सहनशील सोयाबीन म्हणजे ग्लायफोसेट सोसणारं. ग्लायफोसेट झाडातलं ईपीएसपीएस नावाचं विकर बंद पाडतं, त्यामुळे झाडाला लागणारी काही अमिनो आम्लं तयार होत नाहीत आणि झाड उपाशी मरतं. जीएम सोयाबीनमध्ये मातीतल्या एका जिवाणूचा सीपी४ ईपीएसपीएस हा जनुक घातलेला असतो. त्याचं विकर ग्लायफोसेटला दाद देत नाही. अमेरिका आणि अर्जेंटिनात हे १९९६ पासून शेतात आहे. भारतात जीएम सोयाबीनच्या लागवडीला परवानगी नाही. शेतकऱ्याला कायदेशीर मिळणारं जीएम बियाणं आजही एकाच पिकाचं आहे, ते म्हणजे बीटी कापूस, बोंडअळीला मारणारं प्रथिन स्वतःच तयार करणारा.

ओळखायची साधी सोय म्हणजे पट्टी चाचणी. पान नळीच्या झाकणात दाबून दोन-तीन टिकल्या पाडायच्या, छोट्या नळीत टाकायच्या, सोबतचं द्रावण अर्धा मिली घालून काडीने वीस-तीस सेकंद चेचायचं आणि पट्टी खुणेपर्यंतच बुडवून पाच ते दहा मिनिटं थांबायचं. एकच रेघ आली तर सीपी४ चं प्रथिन नाही. दोन आल्या तर आहे. एकही आली नाही तर पट्टी बाद, पुन्हा करा. चुकतं कुठे? लोक पान जास्त घालतात, रस घट्ट होतो आणि पट्टीवर चढत नाही. पट्टी खुणेच्या वर बुडवतात. किंवा डबी उघडी राहून पट्टीला दमट हवा लागते, मग कसलीच रेघ उमटत नाही.

एक अडचण ध्यानात ठेवा. पट्टी ज्या प्रथिनाची असेल तेवढंच दाखवते. सीपी४ ची पट्टी दुसऱ्या तणनाशकाचा जनुक दाखवणार नाही, बीटीही दाखवणार नाही. बाजारात बीटीच्या पट्ट्या जास्त मिळतात. ती सोयाबीनला लावून "नाही निघालं" म्हणणाऱ्यांची कमी नाही.

कोळपं_आणि_कासरा

समजा बियाणं खरं निघालं. तरी तुमच्या रानात त्याचा उपयोग किती, ते बघा.

उसातल्या आंतरपिकात शून्य. ग्लायफोसेट मारलं की सोयाबीन जगेल आणि ऊस जाईल. दीड वर्षाचं आडसाली पीक साडेतीन महिन्यांच्या पिकापायी घालवायचं का? तिथे साध्या सोयाबीनची उगवणीनंतरची तणनाशकंही चालत नाहीत. क्विझालोफॉप गवतवर्गीय तण मारतं आणि ऊस गवतवर्गातलाच आहे. इमॅझेथापायरची उसावर शिफारस नाही. उलट उसातली अॅट्राझिन, टू-फोर-डी सोयाबीन जाळतात. त्यामुळे उगवणीनंतर आंतरपिकात सायकल कोळपं आणि भांगलण, दुसरा रस्ता नाही.

निखळ सोयाबीनमध्ये उपयोग आहे, पण आपल्याकडचं सगळ्यात चिवट तण कुठलं? केना. काळ्या, ओल धरणाऱ्या रानात पाऊस लांबला की भांगलून बांधावर टाकलेला केनासुद्धा पुन्हा मूळ धरतो. आणि नेमका केनाच ग्लायफोसेटला नीट मरत नाही. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात ग्लायफोसेट सोसणारा कापूस आल्यावर बाकीचं तण हटलं आणि हाच केना तिथे डोकेदुखी होऊन बसला. तिथल्या रानटी राजगिऱ्यात तर ग्लायफोसेटला दाद न देणारे प्रकार २००५ च्या सुमारास सिद्ध झाले. एकच औषध वर्षानुवर्षं मारलं की दुसरं काय होणार?

शिवाय ग्लायफोसेटची शिफारस भारतात फक्त चहाच्या मळ्यात आणि पीक नसलेल्या जागेत आहे. ऑक्टोबर २०२२ च्या केंद्राच्या अधिसूचनेने तर ते परवानाधारक कीडनियंत्रकाकडूनच वापरायचं, असं बंधन घातलं. म्हणजे बियाणं बेकायदा आणि उभ्या सोयाबीनवर फवारणीही नियमाबाहेर. आपली वावरं वीस-तीस गुंठ्यांची, मध्ये हातभर बांध. वारं फिरलं की शेजाऱ्याचा ऊस किंवा भाजीपाला पिवळा. मग वाद तलाठ्यापर्यंत नाही, थेट पोलीस ठाण्यात.

आता जे कायदेशीर आहे त्याचा नीट वापर सांगतो, कारण निम्मे लोक तिथेच चुकतात.

पेरणीनंतर, उगवण्याआधी: पेंडीमिथॅलिन ३० ईसी एकरी १ ते १.३ लिटर, किंवा डायक्लोसुलम ८४ डब्ल्यूडीजी एकरी १२.४ ग्रॅम. दोन्हींपैकी एकच. पेरणीपासून ४८ तासांच्या आत मारायचं, जमिनीत ओल हवी, पाणी एकरी २०० लिटर. ढेकळं राहिली तर औषधाचा थर अखंड बसत नाही आणि ढेकळाखालचं तण मजेत वर येतं. मारल्यावर रानात फिरू नये, थर तुटतो.

उगवणीनंतर: १५ ते २० दिवसांनी इमॅझेथापायर १० एसएल एकरी ४०० मिली. गवत जास्त असेल तर प्रोपॅक्विझाफॉप आणि इमॅझेथापायर यांचं तयार मिश्रण एकरी ८०० मिली. तण दोन ते चार पानांवर असताना. केना दोन पानांवरच गाठायला हवा, तो सुटला की हाताला पर्याय नाही. पाणी इथेही २०० लिटर. १६ लिटरचे पाच पंप मारून एकर उरकणारे नंतर "औषध भेसळीचं निघालं" म्हणतात. नोझल पंख्यासारखा फवारा देणारा चपटा, कीटकनाशकाचा गोल नोझल नको. पंप मात्र तणनाशकाचा वेगळाच ठेवा.

त्यानंतर ३० ते ३५ दिवसांच्या दरम्यान एक कोळपणी. फुलं लागल्यावर कोळपं घालू नका, वरच्या थरातली मुळं तुटतात. पहिले ४५ दिवस रान स्वच्छ राहिलं की पुढे सोयाबीनची सावलीच तण दाबते. एवढं केलं तर भांगलण एकदाच, तीही राहिलेलं वेचण्यापुरती लागते.

ढोबळी

कोळपंदादा, सगळं पटलं, पण भांगलणीला बायका मिळतात कुठे? जून-जुलैत सगळ्यांची घाई एकदमच असते.

कोळपं_आणि_कासरा

@ढोबळी म्हणूनच उगवणीआधीचं औषध चुकवू नये. घाई असते ती पंधराव्या ते तिसाव्या दिवसात. पहिला थर नीट बसला तर भांगलण आठ-दहा दिवस पुढे ढकलता येते, तोवर गावातली गर्दी ओसरलेली असते.

बांधावरचा_वकील

दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, पण त्यातून "जीएम वाईट" असा अर्थ कुणी काढू नये. बिनपावतीचं बियाणं वाईट. ते येतं कशामुळे, तेही बोलायला हवं.

गुजरातेत २००१ साली विनापरवाना बीटी कापूस शेतात सापडला, मार्च २००२ मध्ये सरकारने बीटी कापसाला परवानगी दिली. ब्राझीलमध्ये अर्जेंटिनातून चोरून आलेलं सोयाबीन दक्षिणेत इतकं पसरलं की २००३ मध्ये सरकारला तात्पुरती मोकळीक द्यावी लागली, २००५ मध्ये कायदा झाला. आपल्याकडे तणनाशक सोसणारा कापूस विदर्भात चोरून लावला जातो आणि जून २०१९ मध्ये अकोट तालुक्यात शेतकरी संघटनेने तो जाहीरपणे लावून सरकारला आव्हान दिलं. निर्णय टांगून ठेवला की बाजार स्वतःचा निर्णय घेतो.

आणि टांगणीला किती काळ लावावं? बीटी वांग्याला जीईएसी म्हणजे जनुकीय अभियांत्रिकी मूल्यांकन समितीने ऑक्टोबर २००९ मध्ये हिरवा कंदील दिला, ९ फेब्रुवारी २०१० रोजी तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी स्थगिती दिली. ती उठली नाही. तेच वांगं बांगलादेशाने २०१३ मध्ये मंजूर केलं. दिल्ली विद्यापीठाच्या डीएमएच-११ या जीएम मोहरीला ऑक्टोबर २०२२ मध्ये पर्यावरणीय मंजुरी मिळाली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, २३ जुलै २०२४ रोजी दोन न्यायमूर्तींचे दोन वेगळे निकाल आले.

गंमत बघा. आपण खातो ते आयात सोयाबीन तेल मुख्यतः अर्जेंटिना-ब्राझीलचं, म्हणजे जीएम सोयाबीनचं. ऑगस्ट २०२१ मध्ये कोंबड्यांच्या खाद्यासाठी १२ लाख टन जीएम सोयापेंड आयात करायला केंद्राने परवानगी दिली. तिथल्या शेतकऱ्याचं जीएम चालतं, इथल्याला मात्र बंदी. विरोध करणाऱ्यांनी आधी याचं उत्तर द्यावं.

बोंडअळी_ते_हुमणी

@बांधावरचा_वकील, दुटप्पीपणाचा मुद्दा मान्य. पण पेंडीला दुसरी बाजूही आहे. आपली सोयापेंड बिगरजीएम म्हणून युरोपात थोडा जास्त भाव खाते. चोरट्या बियाण्याने ती ओळख गेली तर नुकसान सगळ्यांचं, फायदा पिशवी विकणाऱ्याचा.

माझं म्हणणं असं की "जीएम हवं की नको" हा प्रश्नच चुकीचा मांडला जातो. कुठला गुण, कुठल्या पिकात, कुठल्या किडीसाठी, आणि तो टिकवायला शेतात काय करावं लागेल, हे विचारावं. कापसाचं उदाहरण घ्या.

पहिल्या बीटीत एक जनुक होता, २००६ पासून दोन जनुकांचं बियाणं आलं. हिरव्या बोंडअळीवर त्याने खरंच काम केलं, फवारण्या कमी झाल्या, हे नाकारण्यात अर्थ नाही. गुलाबी बोंडअळी मात्र आधी एका जनुकाला आणि मग दोन्हींना पचवून बसली. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. कारण काय? बहुतेक देशांनी सरळ वाण वापरले, आपण संकरित. संकरित झाडात दोन्ही जनुक एकेकाच प्रतीत असतात. त्यामुळे बोंडातल्या सरक्या सारख्या नसतात. दर १६ सरक्यांत सरासरी ९ मध्ये दोन्ही जनुक, ३ मध्ये फक्त पहिला, ३ मध्ये फक्त दुसरा आणि एकीत काहीच नाही. अळी बोंडात शिरून सरकीच खाते, म्हणजे तिला एकाच बोंडात बिनविषारी, अर्धविषारी आणि पूर्ण विषारी घास मिळतात. पचवायची सवय लावायला याहून सोयीची शाळा नाही.

त्यात आश्रयपट्टा, म्हणजे कडेची बिगरबीटी कपाशी, कुणी लावला नाही. ४५० ग्रॅम बीटीसोबत १२० ग्रॅम बिगरबीटीचं वेगळं पाकीट मिळायचं, ते बहुतेकांनी बांधावर टाकलं. गुलाबी अळी मुख्यतः कापसावरच जगते, तिला दुसरीकडे बीटी न खाल्लेली जोडीदारीण सहसा मिळत नाही. वर पाणी आहे म्हणून फरदड (हंगाम संपल्यावरही उभी ठेवलेली कपाशी) मार्चपर्यंत ठेवली, म्हणजे अळीला वर्षभर घर. तंत्र बिघडलं नव्हतं, ते वापरायची शिस्त बियाण्यासोबत आलीच नाही. पिशवीवर नाव नसलेल्या बियाण्यासोबत ती येईल का?

आता कोल्हापूरकडे. इथे खरं दुखणं हुमणीचं. कुणीतरी "बीटी ऊस" आणतो म्हणेल. ब्राझीलने २०१७ मध्ये बीटी ऊस मंजूर केला, पण तो खोडकिड्यासाठी, म्हणजे पतंगाच्या अळीसाठी. हुमणी ही भुंगेऱ्याची अळी. पतंगाच्या अळीला मारणारं क्राय१ गटातलं प्रथिन तिचं काही वाकडं करत नाही. शिवाय माळावरची हुमणी वेगळी आणि नदीकाठची वेगळी. माळावरचे भुंगेरे वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर पाला खायला जमतात, तिथे फांद्या हलवून गोळा करता येतात, प्रकाशसापळ्यातही येतात. पंचगंगा-वारणेच्या काठच्या जातीचे भुंगेरे झाडावर खायला येतच नाहीत, त्यामुळे तिथे झाड झोडपून हाती काही लागत नाही. तिथे मेटारायझियम बुरशी एकरी ८ किलो, कुजलेल्या शेणखतात मिसळून, ओलीत आणि जून-जुलैत, अळी लहान असतानाच. मोठी झाल्यावर काही केलं तरी उशीरच.

दुसरं, सोयाबीनचा तांबेरा रोग. कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यात याने वर्षानुवर्षं नासधूस केली. त्यावर उत्तर कुठून आलं? कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्रातून, साध्या संकर-निवडीतून. केडीएस ७२६, म्हणजे तुमचा फुले संगम, तांबेऱ्याला बऱ्यापैकी तग धरतो. कुठलाही परका जनुक नाही. सरकारी पैदास केंद्रांना पैसा आणि माणसं द्या, ही मागणी जीएमच्या भांडणात कायम मागे पडते, याचा मला राग आहे.

बीजपरीक्षक

वरच्यात एक भर. जनुक संपादन आणि जीएम यांची गल्लत होते. मे २०२५ मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेने भाताचे दोन संपादित वाण जाहीर केले: सांबा मसुरीपासून डीआरआर धान १०० म्हणजे 'कमला', आणि एमटीयू १०१० पासून पुसा डीएसटी राईस १. यांत बाहेरचा जनुक नाही, भाताच्याच जनुकात कात्री लावली आहे. 'कमला' मूळ वाणापेक्षा साधारण २० दिवस आधी तयार होतो, असं परिषदेचं म्हणणं. अशा पिकांना मार्च २०२२ मध्ये केंद्राने जीएमच्या काही नियमांतून सूट दिली. विरोधकांचा आक्षेप नेमका या सुटीवर आहे आणि तो ऐकून घेण्यासारखा आहे.

राधानगरी-आजऱ्याकडच्या मंडळींना घनसाळची, म्हणजे तिथल्या सुवासिक भाताची, काळजी असेल तर ऐका. भात स्वपरागीभवनाचं पीक आहे, प्रमाणित बियाण्याला विलगीकरण अंतर ३ मीटर धरतात. परागाने मिसळ होण्यापेक्षा मळणीत आणि पोत्यात होते.

पुसा डीएसटी क्षार सोसणारा आहे म्हणून शिरोळच्या क्षारपडवाल्यांनी हुरळून जाऊ नये. तिथे पाण्याचा निचराच होत नाही. जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून निचरा काढल्याशिवाय कुठलाही वाण किती दिवस तग धरणार?

पंचगंगाकाठ

सगळ्यांचे आभार. पिशवी घेत नाही. पण गावात दोघा-तिघांनी घेतलीय असं कळतंय. मळणी यंत्र सगळ्यांचं एकच येतं. माझं घरचं बियाणं कसं वाचवू? आणि त्यांचं उगवलंच नाही तर तक्रार कुठे?

बीजपरीक्षक

तक्रारीचं आधी. नेहमीच्या बियाण्याची तक्रार तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी द्यायची, तालुका समिती पंचनाम्याला येते. त्यासाठी पावती, पिशवी, टॅग आणि थोडं शिल्लक बियाणं लागतं. या पिशवीवाल्यांकडे यातलं काहीच नाही. तक्रार करायला गेले तर आधी त्यांनाच विचारतील, हे आणलं कुठून.

तुमच्या बियाण्यासाठी: सोयाबीनमध्येही परागाने मिसळ फार थोडी, ३ मीटर अंतर पुरतं. धोका यंत्राचा. बियाण्याचा प्लॉट शक्यतो गावात पहिला मळून घ्या. जमत नसेल तर यंत्र आल्यावर चाळण्या काढून झाडा, तळातली आणि कोपऱ्यातली दाणेकाडी ब्रशने काढा, मग पाच-सात मिनिटं रिकामं चालवा. तुमच्या मालाचं पहिलं पोतं बियाण्यात धरू नका, ते बाजाराला. फेरे मिनिटाला ३५० ते ४०० वर ठेवा, त्याहून वाढले की सोयाबीनचं टरफल तडकतं आणि उगवण पडते. घरच्या बियाण्याची निम्मी बोंब इथलीच असते.

पोती नवीन किंवा उलटी करून झाडलेली. ओलावा १२ टक्क्यांच्या खाली आल्यावरच भरा, पोत्यांखाली लाकडी फळ्या, थर चार-पाचच्या वर नको, आणि पोतं आपटायचं नाही.

मे महिन्यात उगवण तपासा. तीन-चार पोत्यांतून मूठमूठ काढून मिसळा, न निवडता १०० दाणे मोजा, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडा, गुंडाळून सावलीत ठेवा आणि पाणी शिंपडत राहा. सहा-सात दिवसांनी सरळ, निरोगी कोंब मोजायचे, वाकडे-कुजके नाही. ७० किंवा जास्त आले तर एकरी २६ किलो. ६५ आले तर २८ किलो. ६० च्या खाली गेलं तर ते बियाणं म्हणून विसरा. त्याच गोणपाटातले पाच-सहा कोंब कुंडीत लावले तर पट्टी चाचणीला पानं आयतीच मिळतील.